उत्तरेकडची मोकळी जागा

लिडकोमच्या चर्चच्या दारावर अर्जाची जाहीर सूचना लागली, तेव्हा एनिड टॅपस्कॉटने सर्वांत आधी तिच्यातली तळटीप तपासली. तळटीप बिनचूक होती. ग्रंथाचे नाव, प्रकाशनाचे वर्ष, पृष्ठ त्रेसष्ट, सगळे जागच्या जागी. तिने लिहिलेल्या पॅरिशच्या, म्हणजे या चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या, इतिहासाचा इतका नेटका हवाला एकतीस वर्षांत कोणी दिला नव्हता. क्षणभर तिला बरे वाटले. मग तिने वरचा मजकूर वाचला.

चर्चच्या उत्तर भिंतीला लागून दोन शौचालये आणि एक छोटेसे स्वयंपाकघर बांधायची परवानगी पॅरिश समिती बिशपच्या कचेरीकडे मागत होती. पाया चार फूट खोल खणावा लागणार होता. 'सदर जागेत कोणाचेही दफन झालेले नाही,' असे अर्जात ठामपणे म्हटले होते आणि वाक्य शब्दशः एनिडचे होते. कोणाची हरकत असल्यास ती शुक्रवारपर्यंत लेखी कळवायची होती.

गरज खरी होती, हे मान्य करायला हवे. दर फेब्रुवारीत चर्चची उत्तर बाजू स्नोड्रॉपच्या पांढऱ्या फुलांनी भरून जाई आणि महिन्यातला एक रविवार त्या फुलांसाठी राखलेला असे. लोक बस करून येत, फुलांचे फोटो काढत, चहा पीत, केक खात, आणि त्यानंतर एकेक करून यूच्या सहाशे वर्षांच्या झाडामागे जाऊन येत. फुले पाहायला येणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून फुलांचीच जागा खणायची, आणि उपटलेले कंद कुंड्यांत घालून त्याच लोकांना विकायचे, अशी समितीची योजना होती. अकरा सदस्यांपैकी एकालाही तिच्यात काही वावगे दिसले नव्हते.

ही फुले फिलिपा ऑल्डवर्थ यांच्या आजेसासूबाईंनी हौसेने लावली, हेही एनिडच्याच पुस्तकात होते. फिलिपाबाई समितीच्या अध्यक्ष होत्या. लिडकोममध्ये अध्यक्षपद निवडणुकीने मिळते, आणि निवडणुकीला ऑल्डवर्थ घराण्यातली एकच व्यक्ती उभी राहते.

एनिड सत्तर वर्षांची होती. काउंटीच्या दफ्तरखान्यात तीस वर्षे नोकरी करून ती निवृत्त झाली होती आणि सुट्टीच्या प्रत्येक दिवशी तिने पॅरिशच्या नोंदवह्या उतरून काढल्या होत्या. बाप्तिस्मे, लग्ने, दफने, साडेचारशे वर्षांची. पुस्तकाच्या प्रस्तावनेत तिने लिहिले होते: 'जे नोंदीत नाही, ते या ग्रंथात नाही.' हे वाक्य तिला त्या वेळी फार आवडले होते. तिने ते दोनदा वापरले होते.

"काय वाचतेस गं पोरी एवढं? मोठ्या अक्षरात तर लिहिलंय."

क्लेम हुकवे कुंपणाच्या फांद्या छाटत होता. त्याचे वय चौऱ्याऐंशी, त्यामुळे सत्तरीची एनिड त्याच्या हिशेबी पोरच होती. त्याचा बाप जेबेझ या चर्चच्या आवारात कबरी खणत असे. क्लेम गवत कापत असे.

"इथे शौचालय बांधतायत, क्लेम."

"ते कळलं मला. चांगलंच आहे. त्या झाडाचे हाल बघवत नाहीत. पण पोरांना कुठं नेणार?"

"कुठली पोरं?"

क्लेमने कात्री खाली केली. "चेष्टा करतेस होय म्हाताऱ्याची? तेवीस पोरं. या फुलांखालची."

एनिडने फुलांकडे पाहिले. लहानपणापासून ती या फुलांकडे पाहत आली होती. परंतु ती दफ्तरखान्यातली बाई असल्याने फुले हा आपला विषय नाही, असे तिने ठरवून टाकले होते. आता पाहिल्यावर तिला दिसले की ती तीन रांगांत उभी आहेत. हौसेने लावलेली फुले अशी उभी राहत नाहीत.

"बाप्तिस्मा व्हायच्या आधी गेलेली," क्लेम म्हणाला. "काही तर श्वास न घेताच आलेली. पाद्री येणार नाही, घंटा नाही, दगड नाही. बाप आपला खणून द्यायचा. आणि फुलं गळली की हिरव्या पानांसकट एकेक कंद लावायचा प्रत्येकावर. दगडाला मनाई होती. फुलाला कोण मनाई करणार? म्हणून तर मी मे महिन्यापर्यंत यंत्र फिरवत नाही इथं. पानं पिवळी पडेपर्यंत थांबायचं, बापानं बजावून ठेवलंय."

"आणि मला हे इतक्या वर्षांत सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस कधी? यायचीस, तरातरा आत जायचीस, कपाट उघडून बसायचीस. मी इथंच असायचो. एकदा फक्त म्हणालीस, क्लेम, यंत्र जरा लांब चालव, लक्ष लागत नाही."

हे खरे होते. एनिडला तो दिवस आठवत होता. ती त्या दिवशी दफनांच्या नोंदी मोजत होती.

"शिवाय मला वाटलं, तुला माहीतच असणार," क्लेम पुढे म्हणाला. "तुझी आई यायची की दर साली. दुसरी रांग, भिंतीकडून चौथं. तुझी थोरली बहीण ना ती?"

एनिडच्या आईला फुले आवडत नसत. घरात तिने फुलदाणी कधी ठेवू दिली नाही. तरीही दर फेब्रुवारीत एकदा ती हॅट आणि हातमोजे घालून चर्चच्या उत्तर बाजूला जाई आणि दहा मिनिटे एका जागी उभी राही. लहानगी एनिड पायवाटेवर थांबे. आई थंड हवा घेते आहे, असा निष्कर्ष तिने सहाव्या वर्षी काढला होता आणि पुढे तो तपासून पाहण्याचे कारण पडले नव्हते. शेवटच्या आजारात आई दोनदा म्हणाली होती, "तू दुसरी गं." ते एनिडने वहीत टिपून ठेवले आणि पुढे कंसात लिहिले: भ्रम.

"कधीची गोष्ट?" तिने विचारले. तिचा आवाज दफ्तरखान्यातलाच होता.

"सत्तेचाळीसचा हिवाळा. तो बर्फाचा. जमीन नुसती लोखंड झाली होती. बापानं पेंढा पसरून विस्तव केला, दोन दिवस धगधगत ठेवला, तेव्हा कुठं कुदळ आत गेली. तुझे वडील साबणाचं खोकं घेऊन आले होते. चांगलं बंद केलेलं, चारी कोपऱ्यांना खिळे. बाप म्हणायचा, इतकं नीट ठोकलेलं खोकं आयुष्यात पाहिलं नाही."

"आणि पाद्री?"

"घराच्या खिडकीत उभे होते. यायची परवानगी नव्हती ना त्यांना. पण पडदा ओढला नाही हं त्यांनी. बाप नेहमी सांगायचा, पडदा ओढला नाही."

एनिड घरी गेली आणि तिने १९४७ची उतारवही काढली. फेब्रुवारी आणि मार्च मिळून सात दफने होती, सगळी म्हाताऱ्यांची. तिची नक्कल निर्दोष होती. तिने ती तीनदा पडताळली होती. प्रार्थनापुस्तकातला नियमही तिला पाठ होता: ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही, त्याच्यासाठी दफनाची प्रार्थना म्हणू नये. पुस्तकात तिने त्या नियमावर एक विद्वत्तापूर्ण टीपही दिली होती, मूळ पाठातल्या फरकांसह. प्रार्थना नाही म्हणून पाद्री नाही, पाद्री नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून माणूस नाही. आणि माणूस नाही म्हणून जागा मोकळी आहे. ही साखळी चर्चने तीनशे वर्षे खपून घडवली होती. शेवटची कडी मात्र एनिडने स्वतः जोडली होती, आणि ती भक्कम निघाली होती. शिवाय तिला तळटीप होती.

दुसऱ्या दिवशी ती मोजपट्टी घेऊन गेली. रांगा तीन, गुच्छ तेवीस. दोन रांगांमधले अंतर अडीच फूट, आणि सगळ्या रांगा पूर्वेकडे तोंड करून, कोणत्याही ख्रिस्ती कबरीसारख्या. दुसऱ्या रांगेत भिंतीकडून चौथ्या गुच्छाला अकरा फुले होती. तिने तेही लिहून घेतले. त्याचा अर्जाशी संबंध नव्हता.

बुधवारी समितीची बैठक होती.

"ये गं एनिड, बस," फिलिपाबाई म्हणाल्या. "शॉर्टब्रेडचं बिस्किट घे. तुझ्यामुळे तर आमचं काम इतकं सोपं झालं! नाहीतर हे कचेरीवाले शंभर कागद मागतात."

"मी हरकत घ्यायला आले आहे, मिसेस ऑल्डवर्थ."

"कशाला?"

"पान त्रेसष्टला."

पाद्री मूडी यांनी कपातून मान वर केली. त्यांच्याकडे सात पॅरिश होत्या आणि आपण कोणत्या गावात आहोत हे ते दारावरची पाटी पाहून ठरवत. "पण मिस टॅपस्कॉट, पान त्रेसष्ट तुम्हीच लिहिलंय ना?"

"मीच. ते चुकीचं आहे." आणि तिने सांगितले. रांगा, अंतर, दिशा, संख्या. बहिणीविषयी ती एक वाक्य बोलली, आणि त्या वाक्यात एकही विशेषण नव्हते.

फिलिपाबाईंनी चमचा बशीत ठेवला.

"वाईट वाटतं गं ऐकून," फिलिपाबाई म्हणाल्या. "अगदी मनापासून. पण एनिड, पुरावा? कागद?"

"क्लेम हुकवे."

"क्लेम? गवत कापणारा?"

"तोच."

"अगं, तो मागच्या आठवड्यात मला म्हणाला, माझ्या कुत्र्याला समितीवर घ्या, तो तरी ऐकून घेतो. अशा माणसाच्या सांगण्यावर आपण—"

"कुत्र्याचं मला माहीत नाही," एनिड म्हणाली. "कागद हवा ना? हा घ्या. माझी लेखी हरकत. एक प्रत सकाळी कचेरीला गेली. तुमचा अर्ज ज्या एकाच आधारावर उभा आहे, तो आधार चूक असल्याचं ग्रंथकर्तीनं स्वतः सहीनिशी कळवलंय. यापेक्षा चांगला कागद तुम्हाला मिळायचा नाही."

पाद्रीबुवांनी तो कागद वाचला आणि ज्या माणसाला आणखी सहा बैठका गाठायच्या आहेत त्याचा सुस्कारा सोडला. "ठीक आहे. उत्तर बाजू गेली. पण शौचालय तर हवंच. पूर्वेला उतार, पश्चिमेला रस्ता, आणि दक्षिणेला तर खांद्याला खांदा लावून माणसं पुरलीत. मोकळी जागा आहे तरी कुठे?"

"दक्षिणेला," एनिड म्हणाली. "लोखंडी कठड्याच्या आत."

फिलिपाबाईंचा कप बशीवर जरा जोरात टेकला. "तिथे आमची माणसं आहेत!"

"तिथे तुमची नावं आहेत, मिसेस ऑल्डवर्थ. माणसं नाहीत. कठडा १८५३ सालचा. त्यानंतरचे पहिले ऑल्डवर्थ इटलीत वारले आणि तिथेच पुरले गेले. दुसरे लंडनला. तिसरे समुद्रात. त्यांच्या पत्नी माहेरच्या पॅरिशमध्ये, कारण त्यांनी मृत्युपत्रात तसं बजावलं होतं, आणि कारणही दिलं होतं. ते मी वाचत नाही. दगडांवर नीट बघा, 'स्मरणार्थ' लिहिलंय. आमच्या वहीत त्या कठड्याच्या आत एकही दफन नाही. आणि तुमचं एखादं दफन नोंदवायला पाद्री विसरले असतील, असं मला वाटत नाही."

"पण तुझ्या पुस्तकात तर 'येथे चिरविश्रांती घेत आहेत' असं आहे! पान एक्केचाळीस! माझे सासरे ते पाहुण्यांना वाचून दाखवायचे!"

"तेही चूक आहे. ते मला लिहितानाच माहीत होतं. तुमच्या सासऱ्यांनी छपाईला मदत केली होती."

पाद्री मूडींनी उठून खिडकीतून कठड्याकडे पाहिले. "जागा सपाट आहे," ते म्हणाले. "आणि नळ जवळ आहे."

"शॉर्टब्रेड आणखी कोणाला?" फिलिपाबाईंनी विचारले. कोणाला नको होते.

कचेरीने जून महिन्यात एक बाई पाठवली. जमिनीवरून फिरवायचे यंत्र तिच्याकडे होते. तिने उत्तर बाजूला तेवीस खुणा आणि कठड्याच्या आत शून्य खुणा मोजल्या. एका खुणेपाशी, तिच्या अहवालानुसार, भाजलेल्या मातीचा एक लहान थर होता. त्याचे कारण तिला सांगता आले नाही.

शौचालये पुढच्या फेब्रुवारीच्या आत बांधून झाली. फिलिपाबाईंनी फीत कापली. आत शिरताना डाव्या हाताला पितळी पाटी आहे: 'ऑल्डवर्थ घराण्याने आपल्या पूर्वजांची भूमी पॅरिशच्या सोयीसाठी उदार अंतःकरणाने दिली.' एनिडने ती पाटी दोनदा वाचली. तिच्यातला एकही शब्द खोटा आहे, हे कागदोपत्री सिद्ध करणे अवघड होते.

तिने शुद्धिपत्र छापून घेतले. गावातल्या घरांत, वाचनालयात आणि दफ्तरखान्यात मिळून पुस्तकाच्या एकशे बारा प्रती सापडल्या. प्रत्येकीत तिने ते स्वतःच्या हाताने चिकटवले. फिलिपाबाईंनी आपली प्रत माळीबुवांच्या हाती पाठवली आणि चिकटवून झाल्यावर परत मागवली. पृष्ठ एक्केचाळीस: 'चिरविश्रांती घेत आहेत' हे वगळावे. पृष्ठ त्रेसष्ट: 'कोणाचेही दफन झालेले नाही' याऐवजी 'तेवीस बालकांचे दफन झाले असून त्यांच्या खुणा जेबेझ हुकवे यांनी राखल्या' असे वाचावे. फुलांविषयीचे वाक्यही बदलले. आधार म्हणून खाली दिले होते: क्लेमंट हुकवे, तोंडी. अशी तळटीप तिने आयुष्यात प्रथमच लिहिली होती, आणि तिची मांडणी कशी करावी हे तिला दोन दिवस ठरवता आले नव्हते.

"माझं नाव पुस्तकात?" क्लेम म्हणाला. "अगं, त्यात सगळे मेलेलेच असतात ना?"

"तू पहिला जिवंत."

"मग घाई कर चिकटवायची."

राहता राहिली पुस्तकाच्या शेवटची नामसूची. टॅपस्कॉट आडनावाखाली एकोणीस जण होते, अकरावी एनिड स्वतः. विसावीची भर घालायची होती, आणि तिला नाव ठेवलेले नव्हते. सूचीशास्त्राचा नियम याबाबत स्पष्ट आहे: आडनाव आहे पण नाव नाही, अशी व्यक्ती त्या आडनावाच्या सर्वांच्या आधी येते. एनिडने हा नियम इतरांच्या बाबतीत अनेकदा पाळला होता.

तिने लिहिले: 'टॅपस्कॉट, ——, १९४७, पृ. ६३.' मग हॅट आणि हातमोजे घातले आणि दार ओढून घेतले. फेब्रुवारी सुरू होऊन चार दिवस झाले होते.