आठ शनिवार

मालनबाई पगारे नामपूरच्या शाळेत चौथीला शिकवत. त्यांचं अक्षर इतकं वळणदार, की लग्नपत्रिकांवरची नावं लोक त्यांच्याकडूनच लिहून घेत. पण १९८४च्या जूनमध्ये शाळेत नवे मुख्याध्यापक आले आणि एक विचित्र त्रास सुरू झाला. ते वर्गात येऊन मागे उभे राहिले, की मालनबाईंचा फळ्यावरचा हात जागीच थिजायचा. बोटं खडूभोवती आवळली जायची. सटाण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, इंजेक्शनं दिली आणि शेवटी नाशिकच्या नलिनी खैरनारांचा पत्ता दिला.

नलिनी गंगापूर रोडला, एका प्रसूतिगृहाच्या मागच्या खोलीत मानसोपचार करायची. पुण्यात ती माणसाचं बालपण उकलायला शिकली होती, बंगलोरला भीती टप्प्याटप्प्यानं कमी करायला. ती दोन्ही वापरायची, शिवाय जे उपयोगी पडेल तेही. बरोबरीचे लोक ‘नलिनीची भेळ’ म्हणून चिडवत.

“शनिवारची सकाळची शाळा सुटली की एसटीनं येईन,” मालनबाई म्हणाल्या. “मुक्कामाला नाशिकरोडची बहीण आहे. पण दिवाळीपर्यंतच जमेल. आठ शनिवार.”

“पुरेत. आठव्या शनिवारपर्यंत काय झालेलं हवंय तुम्हाला?”

“सर मागे उभे असताना एक गणित पुरं लिहायचंय.”

नलिनीनं तेच वहीत लिहिलं.

पहिले तीन शनिवार छान गेले. संथ श्वास, मूठ घट्ट आवळून सैल सोडणं, मग पाटीवर लिहिणं, मग भिंतीवरच्या फळ्यावर. चौथ्या शनिवारी नलिनी न विचारताच त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. खडू कचकन मोडला. मालनबाई मटकन खाली बसल्या.

“माझं चुकलं,” नलिनी म्हणाली. “मी घाई केली. आत्ता मागे कोण उभं आहे असं वाटलं?”

मालनबाईंनी मोडलेल्या खडूचे तुकडे गोळा केले. मग म्हणाल्या, “मी तिसरीत होते तेव्हाचे गुरुजी. त्यांनी मला फळ्यावर भागाकार करायला बोलावलं. बरोबर आला. मग त्यांनी दुसऱ्या मुलीला घागर आणायला लावली आणि मी लिहिलेला फळा धुऊन घेतला. आम्ही म्हारवाड्यातले ना! वडील घरी सगळ्यांना सांगत होते, माझ्या मालनला फळ्यावर बोलावलं. त्यांना पाण्याचं कधी सांगितलंच नाही.”

पुढच्या खेपेला नलिनीनं समोर रिकामी खुर्ची ठेवली. “गुरुजी इथे बसलेत असं समजा. काय सांगाल?”

“खुर्चीशी बोलायला मी वेडी आहे का?” मालनबाई रागावल्या.

नलिनीनं खुर्ची उचलली. “बरं, मग काय करावंसं वाटतं?”

मालनबाई उठल्या. फळ्यावर तोच भागाकार लिहिला, बाकीपर्यंत. खाली त्यांनी पूर्ण नाव लिहिलं आणि म्हणाल्या, “हे आज पुसू नका.” नलिनीनं आठवडाभर तो फळा तसाच ठेवला.

सहाव्या शनिवारी दोघी नव्या मुख्याध्यापकांबद्दल बोलल्या. “ते काही वाईट बोललेत का कधी?” नलिनीनं विचारलं. मालनबाईंना एकही शब्द आठवेना. मग ठरलं, की त्यांची वाट पाहायची नाही. आपणच बोलवायचं, आपल्याला सोयीच्या वेळी.

सातव्या शनिवारी त्या हसतच आल्या. “बोलावलं मंगळवारी. मधे हात अडकला. थांबले, श्वास घेतला, पुरं केलं. सर काय म्हणाले माहितेय? ‘बाई, ही रीत आमच्या पाचवीलाही दाखवा.’”

आठव्या शनिवारी मात्र त्यांचा चेहरा उतरला. “अजून चारदा आले तर चालेल?”

त्यांनी यावं असं नलिनीलाही वाटत होतं. तरी ती म्हणाली, “अडलं तर जरूर या. पण आता हे तुमचं तुम्हाला येतंय.”

जानेवारीत मालनबाई शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी नाशिकला आल्या आणि पाच मिनिटं डोकावल्या.

“हात अजून आवळतो का?” नलिनीनं विचारलं.

“महिन्यातून एखाद्या वेळी. मग मी मुलांना पाढा म्हणायला लावते. त्यांचा पाढा संपेपर्यंत हात सैल होतो.” दाराशी जाऊन त्या वळल्या. “वडिलांना सांगितलं, पाण्याचं. ते म्हणाले, मला तेव्हाच कळलं होतं, पोरी. तू सांगशील म्हणून थांबलो होतो.”