गाठीतला गुलाबी रंग

हरभरा कसा आहे, हे मी पानांवरून कधीच सांगत नाही. रोप उपटायचं, मुळावरची गाठ नखानं फोडायची. आत गुलाबी दिसलं की जीव निवांत. यंदा राहू गावच्या आमच्या रानात पंचवीस रोपं उपटली, एकही गाठ गुलाबी निघाली नाही.

"तुझं बी म्हातारं झालं," असं मी बायकोला, सोजरला, बोलून मोकळा झालो. ते गावरान बी तिनं मांडवगण फराट्याहून, माहेरातून आणलेलं. एकतीस वर्षं निम्मं पेरायची, निम्मं राखेत कालवून गाडग्यात जपायची. ती उठून आत गेली. माझ्या जिभेला हाड नाही, दुसरं काय!

दुपारी बांधावर पडलो तर डोळा लागला. जमिनीखाली पंगत बसली होती. इवलीइवली माणसं, पुढ्यात कोऱ्या पत्रावळी, सगळी गप्प. मी विचारलं, "वाढपी कुठं गेले?" एकानं वर बोट केलं. वर हिरवं छत होतं, त्यातून ऊन झिरपायचं, आणि त्याच्यावर काजळी हळूहळू, अगदी मायेनं पसरत होती. जळक्या प्लास्टिकचा वास आला.

जागा झालो तरी वास होताच. पानावर बोट फिरवलं, काळं झालं. कृषी कॉलेजात शिकणारी पुतणी प्रगती म्हणाली होती, मुळाच्या गाठीतल्या जिवाणूंना पानच जेवू घालतं, पानाचं ऊन अडलं की खाली उपास. तेव्हा मी हसलो होतो.

तसाच शेजारच्या गुऱ्हाळावर गेलो. "हौसराव, चुलवाणात काय जाळतोस रं?"

"भिमाजीआप्पा, तुमच्याच ठिबकच्या नळ्या की! दिवाळीत काकवीच्या डब्याच्या बदल्यात तुम्हीच दिल्या न्हाई का?"

लाज वाटली. उरलेल्या नळ्या मागून घेतल्या आणि खांद्यावर टाकून निघालो. सोजरला सगळं सांगायचं, गाडग्यातलं बी पुढच्या साली नदीकडच्या तुकड्यात पेरायचं, असं वाटेत ठरवलं. पाय हलके झाले.

घरात खमंग वास भरला होता.

"सोजर, बी चांगलं हाय गं. चूक माझी हाय."

कढईतला तिचा हात थांबला.

"अवं, तुम्हीच म्हनला न्हवं म्हातारं झालं? तवा म्हनलं, तुम्हाला फुटाणं तरी आवडत्यात."

गाडगं रिकामं होतं. तिनं माझ्या हातावर मूठभर गरम फुटाणे ठेवले, आणि मला मूठ मिटता येईना.