खारीच्या गोष्टीतला हं

अगं, तू नुसती ऐक! काल आमच्या शाळेत पहिलीची तोंडी परीक्षा होती. मी आपली नवखी मदतनीस, नोकरी अजून कच्ची. मोठ्या बाईंनी आधीच दम भरला, "मुलांना काही सुचवायचं नाही. मध्ये तोंड उघडलंस तर बघ!"

तर वर्गात एक पोरगी आहे, आत्याकडे राहते. पोरं तिला मुकी मैना म्हणतात. गोष्ट सांगायला उभी राहिली. "एक होती खार." आणि गप्प! आमच्याकडे बघतेय. मग हळूच, "तिचं शेपूट हरवलं." परत गप्प.

बाई माझ्या कानात म्हणाल्या, "अडकते बघ. घरी कोणी बोलतच नसेल हिच्याशी. मागच्या वर्गात बसवू." मागचा वर्ग म्हणजे वर्षभर नुसत्या रेघोट्या गं!

पण तिचे डोळे चमकत होते, मान तिरकी. आणि माझी ट्यूब पेटली. आमचे आजोबा चपला शिवता शिवता गोष्ट सांगायचे. आम्ही 'हं' म्हटलं नाही, की टाका पण थांबायचा आणि गोष्टीतला राजा पण. अगं, ही विसरली नव्हतीच! थांबली होती, आमच्यासाठी!

बाईंचा दम आठवला. पण निघून गेलं तोंडातून, "हं."

काय खुलली माहितेय! "खार गेली म्हशीकडे."

"हं."

"म्हैस म्हणाली, चल हट, माझं मलाच पुरत नाही माश्या हाकलायला!"

सगळा वर्ग फिदीफिदी. बाईंनी पेन आपटलं. "मार्क कुणाला देऊ? हिला की तुला?"

मी चाचरत म्हटलं, "बाई, हिच्या घरी गोष्ट दोघांची असणार. एकानं सांगायची, दुसऱ्यानं हं म्हणायचं."

"परीक्षा एकाचीच असते."

तेवढ्यात ही बया म्हणते, "बाई, खार ताटकळलीये ना!" आणि पुन्हा मान तिरकी करून माझ्याकडे बघत उभी.

मी म्हटलं, "हं." चांगलं मोठ्यांदा.

मग काय, पार शेपूट सापडेपर्यंत सांगितली पठ्ठीनं! बाईंनी मार्कांची जागा कोरीच ठेवलीये, आणि उद्या मला ऑफिसात बोलावलंय. जीव नुसता टांगणीला लागलाय. पण ती अशी बघत असताना, खरं सांग, तू काय केलं असतंस?