पंधरा वर्षांचा गेंपाची

गावात तरुण एकच उरला होता आणि त्याच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे होते. डोंगरातल्या त्या जपानी खेड्यात युवक मंडळाचा अध्यक्ष, चिटणीस आणि सभासद म्हणजे एकटा गेंपाची, वय पंचाहत्तर. देवाची पालखी आता तो हातगाडीवरून फिरवी, छपरांवरचं बर्फ उतरवी, पेन्शनच्या दिवशी म्हाताऱ्यांना मोटारीत कोंबून पोस्टात नेई, आणि सुगीच्या गावजेवणात सगळ्यांना वाढी. स्वतः जेवायला बसे ते सगळे ढेकर देऊन उठल्यावर.

भिंतीकडच्या गाद्यांवर बसून वाढून घ्यायचा मान म्हाताऱ्यांचा. गेंपाची साठीला टेकला, त्या सुमारास सरकारनं पेन्शनचं वय वाढवायला घेतलं होतं. गावाला कल्पना आवडली. गावानं म्हातारपण पासष्टावर नेलं. तो पासष्टाचा झाला, ते सत्तरावर गेलं. त्यानं सत्तरी गाठली, ते पंचाहत्तरावर जाऊन बसलं.

यंदा तो तिथंही पोचला. जेवणाआधी गावप्रमुख कियोमात्सु, वय चौऱ्याण्णव, यांनी घसा खाकरला.

"देशात कमावणारे थोडे, खाणारे फार. सरकार म्हणतंय, अजून थोडं ओढा. आपणही मर्यादा ऐंशी करू. गावाला खांदेकरी पाहिजेत." मग घाईनं म्हणाले, "पालखीचे."

"काका, मला म्हातारं व्हायचंय," किटली हातात धरून गेंपाची म्हणाला. "डॉक्टर तर केव्हापासून परवानगी देतायत."

"डॉक्टर चाळिशीचा. त्याला काय कळतंय म्हातारपणातलं? आणि तू गेलास तर बर्फ कोण काढणार?"

"मी जातोय कुठं? नुसता बसतोय."

तरी हात वर होऊ लागले. गेंपाचीनं मान खाली घातली. तेवढ्यात अळकुडी चघळत बसलेली त्याची आई फुसाए, वय सत्त्याण्णव, बोलली.

"कियोमात्सु, गेनला साठी लागली तेव्हा लाल बंडी कुणी घातली रे त्याला?"

"मीच, ताई."

"का घातलीस?"

"रीतच आहे. साठ संवत्सरांचा फेरा पुरा झाला, माणूस पुन्हा जन्मला. तान्ह्याला लाल घालतात."

"मग आज तो केवढा?"

प्रमुखांनी बोटं मोजली. पुन्हा मोजली. "पंधरा."

"आणि मंडळात कितव्या वर्षी घेता?"

"अठराव्या."

"म्हणजे पाळण्यातल्या पोराला राबवत होता होय एवढी वर्षं? तू चौतीस वर्षांचा घोडा, गादीवर बसून चहा ढोसतोस. ऊठ."

"आणि ताई, तुम्ही? सदतीसच की."

"सदतिसाव्या वर्षी बाई पोराचे लाड करते. तेच चाललंय."

वर गेलेले हात एकेक करून खाली आले, काही तर कान खाजवायलाच वर केल्यासारखे. गेंपाची गादीवर बसला. कियोमात्सु उठले, उठायला त्यांना वेळ लागला. अर्धा चहा कपात गेला, अर्धा चटईला मिळाला. त्यांनी कप दोन्ही हातांनी त्याच्यापुढे ठेवला.

"गेन, इतकी वर्षं म्हणायचं राहून गेलं. तू होतास म्हणून आम्ही आहोत."

गेंपाचीनं कप ठेवणाऱ्या त्या हातांकडे पाहिलं. तो नऊ वर्षांचा असताना वडील गेले. तो फावडं पेलण्याजोगा होईपर्यंत दर हिवाळ्यात त्याच्या घराचं छप्पर मोकळं केलं होतं ते याच हातांनी.

"माझंही म्हणायचं राहिलंच होतं, काका," तो म्हणाला आणि खाली वाकला. गुडघे मोठ्यानं वाजले.

मग सगळेच थोडं थोडं वाढायला उठले. भाताआधी लोणचं आलं, लोणच्यानंतर पुन्हा लोणचं. गेंपाचीनं सगळं खाल्लं. चहा निवला होता आणि त्याला फार चांगला लागला.

कियोमात्सु जवळ सरकले. "तीन वर्षांनी तू अठराचा होशील, नाही का? मग येशील ना मंडळात?"

"आईला विचारून सांगतो," गेंपाची म्हणाला आणि कप पुढं केला.