रिंगवरचा पन्नास

क्षितिजाचा डोळा तेज आणि डोकंही तेज. डोळ्याचं कौतुक भोपाळातल्या अख्ख्या इंद्रपुरी वसाहतीला होतं, डोक्याचं कुणालाच नव्हतं. अकरावीत गणिताच्या सरांनी तिची आपल्याच रीतीनं गणितं सोडवलेली वही वर्गापुढे मोठ्यानं वाचून दाखवली, पोरं खिदळली. ती वही सरांच्या हातातून हिसकून क्षितिजा जी बाहेर पडली, ती परत आत गेली नाही. सव्वा वर्ष झालं त्याला. तेव्हापासून तिच्याकडे एकच गोष्ट होती, छर्र्यांची रायफल.

रायफल बाबांनीच घेऊन दिलेली. टीव्हीवर ऑलिम्पिकचं दाखवतात त्या रायफलला दुर्बीण नसते, पण तिच्या क्लबनं पंचवीस मीटरचा स्कोपवाला खेळ आपला आपणच काढला होता. क्लबच्या ज्युनिअर टीममधे आता एक जागा रिकामी होती. रविवारी चाचणी. लागली तर वर्षभर छर्रे फुकट, कोचिंग फुकट. आणि घरात बाबांशी ठरलेलं असं होतं:

"निवड झाली तर वर्षभर तुला शाळेचं नाव काढून कुणी छळणार नाही. नाही झाली तर गुपचूप ओपन बोर्डाचा फॉर्म भरायचा. मंजूर?"

"मंजूर," क्षितिजा म्हणाली होती. शंभरात नव्वद लागणार होते, आणि तिचे ब्याण्णव-त्र्याण्णव रोजचे होते.

नेमका त्याच आठवड्यात जुना स्कोप बोंबलला. आतली नेम धरायची फुली सैल झाली. दहा छर्रे एका जागी, अकरावा भलतीकडे. बाबा म्हणाले, "नवा घेऊ. चांगल्यातला घेऊ." त्यांच्या आवाजात हौस होती, ते तिला कळलंही होतं. पण त्यांनी सोबत अद्वैतला घेतलं आणि तिथंच तिचं टाळकं सटकलं.

अद्वैत म्हणजे मावसभाऊ, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. आयुष्यात त्यानं छर्रा हातात धरला नव्हता. पण घरात फ्रिज घ्यायचा असो की मिक्सर, आधी अद्वैतला विचारायचं असा नियमच होता.

शनिवारी दुपारी तिघं जुन्या शहरातल्या बंदुकांच्या दुकानात गेले. काउंटरवर दुकानदार चाचांनी दोन स्कोप मांडले. एक आखूड, साधासा, बारापट मोठं दाखवणारा. दुसरा हातभर लांब, काळा कुळकुळीत, चोवीसपट.

"मौसाजी, हा घ्या," अद्वैत मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला. "चोवीस म्हणजे सरळ सरळ डबल. रिव्ह्यू पण एक नंबर आहेत."

चाचा लांबवाला घेऊन दुकानाच्या दारात गेले. "आइए साहब, देखिए. वो तालाब के उस पार टंकी है ना, उसपे लगाइए."

भोपाळात दुर्बीण विकायची हीच रीत. गिऱ्हाइकाला दारात उभं करायचं आणि तळ्यापलीकडची पाण्याची टाकी दाखवायची. बाबांनी डोळा लावला आणि त्यांचा चेहराच उजळला. "अगं क्षिते, टाकीच्या शिडीची गंजकी पायरी दिसतेय! बघ, बघ!"

क्षितिजानं बघितलं. दिसत होतं खरं. शिडीवर बसलेला कावळाही दिसत होता. मग ती तशीच वळली आणि तिनं स्कोप दुकानाच्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लावला. नुसतं पांढरं धुकं. दुकान लांबलचक, बोळासारखं, पंधरा मीटर तरी असेल. तिनं पुढची फोकसची रिंग टोकापर्यंत फिरवली. धुकं तसंच. मग डोळा काढून रिंगवरचे आकडे वाचले. तीनशे, दोनशे, शंभर, पन्नास. पन्नासनंतर काहीच नाही. आखूडवाल्याच्या रिंगवर सगळ्यात छोटा आकडा दहा होता.

"बाबा, हा नको. हा पन्नास यार्डाच्या, म्हणजे पंचेचाळीस मीटरच्या अलीकडचं दाखवतच नाही. आमचं टार्गेट पंचवीस मीटरवर आहे. तो छोटा घ्या."

"अरे बिटिया, रेंज पे सब सेट हो जाता है," चाचा.

"छोटा स्वस्तातला आहे गं," बाबा म्हणाले. "दोन पैशांसाठी तुला कमी पडायला नको."

"कमी-जास्तीचा प्रश्नच नाहीये! फोकस होत नाही!"

"लांबचं एवढं साफ दिसतंय, मग जवळचं का नाही दिसणार?" अद्वैत हसला. "कॉमन सेन्स आहे, यार. ऑप्टिक्स अकरावीत असतं. तू निघून आलीस ना, म्हणून."

तिचं डोकं जे फिरलं ते अद्वैतवर, पण तोंडातून निघालं ते बाबांवर.

"तीस वर्षं झाली कारखान्यात हातात गेज घेऊन दुसऱ्यांचे पार्ट रिजेक्ट करताय! आणि स्वतःला रिंगवरचा एक आकडा वाचता येत नाही? कोणी ठेवलंय तुम्हाला इन्स्पेक्शनला?"

काडतुसं घ्यायला आलेले दोन गावकरी फिस्सकन हसले. चाचांनी नजर काउंटरवर टाकली. बाबांचे कान लाल झाले. खरं तर त्यांचा हात तोवर आखूड स्कोपकडे निघाला होता. क्षितिजानं तो बघितलाही. बोटं काउंटरच्या काचेवर टेकली, थांबली, मागे आली.

"लांबवाला बांधा," बाबा म्हणाले. "आणि जुना एक्सचेंजमधे जमा करून घ्या."

क्षितिजा बाबांच्या मागे स्कूटरवर बसली. एकदा सॉरी म्हटलं असतं तर बाबांनी तिथूनच स्कूटर वळवली असती, दुकान आठपर्यंत उघडं होतं. क्षितिजाला हे पक्कं ठाऊक होतं. पण तिनंच का म्हणायचं? आकडा बरोबर तिनं वाचला होता.

रविवारी रेंजवर दहा छर्रे सरावाला मिळाले. तिनं स्कोप चोवीसपटीवरून सहापटीवर आणला, धुकं जरा पातळ झालं. टार्गेटवरची वर्तुळं एकमेकांत कालवलेली, जणू ओल्या कागदावरची शाई. डोळा तांदळाएवढा हलला की फुलीपण सरकायची. खरी फुली कुठली आणि टार्गेटचा मध्य कुठला, तिचं तिलाच कळेना. मग तिनं रागानं मारायला सुरुवात केली, आणि रागानं मारलेला छर्रा कुठं जातो हे रेंजवरच्या भिंतीला विचारावं.

शंभरात चौऱ्याहत्तर.

कोच वैजयंती मॅडमनी कार्ड बघितलं, तिच्याकडे बघितलं. खाली बसून स्वतः स्कोपला डोळा लावला. दोन सेकंदं. मग बोटानं रिंग चाचपली.

"पन्नासपासून सुरू होतो हा. पंचवीसवर काय दिसणार, डोंबल? कुणी निवडला?"

बाबा जाळीच्या मागे उभे होते. क्षितिजा त्यांच्याकडे बघत होती.

"हिनंच बघून घेतला, मॅडम," बाबा म्हणाले. "दुकानात. चांगला दोनदा डोळा लावून."

शब्द न शब्द खरा होता. दोनदाच लावला होता तिनं डोळा. तिच्या जिभेवर एवढं काही आलं, एवढं घाण काही, की ते बाहेर पडतं तर जाळी वितळली असती. पण कालची ती फिस्सकन हसणारी माणसं आठवली, काचेवरून मागे गेलेली बोटं आठवली, आणि ते सगळं तिथंच अडकलं. ती रायफल पिशवीत घालायला लागली. चेन दोनदा अडकली.

"पुढच्या वर्षी ये," मॅडम म्हणाल्या. पुढच्या वर्षी ती अठराच्या पुढे, ज्युनिअरमधून बाद. हे मॅडमनाही ठाऊक होतं.

जेवण झाल्यावर ती खोलीत पडून होती. गल्लीतून कसलातरी खर्र-खर्र आवाज यायला लागला म्हणून खिडकीशी गेली.

खाली बाबा होते. नुसत्या बनियनवर, भर उन्हात. रायफलवरून स्कोप सोडवून आणलेला. समोरच्या विजेच्या खांबावर त्यांनी वर्तमानपत्राचा कागद चिकटवला होता आणि हातात कारखान्यातली पोलादी टेप होती, तिचं टोक रस्त्यावर खरवडत होतं. स्कोप डोळ्याला लावायचा, दोन पावलं मागे जायचं, परत लावायचा. परत मागे. असं करत गल्लीच्या पार टोकाला गेले तेव्हा कुठं थांबले, कागदावरची अक्षरं तिथून साफ दिसली असणार. खूप वेळ बघत राहिले. मग वाकून खडूनं रस्त्यावर रेघ मारली, खांबापासून टेप लावून मोजलं, तुकड्यातुकड्यानं, आणि खिशातल्या छोट्या डायरीत आकडा लिहिला. इन्स्पेक्शनचा माणूस. पार्ट बाद करताना लिहितात तसंच, वळणदार.

त्यांनी वर बघितलं. ती खिडकीत होती हे त्यांना दिसलं. आता बोलतील, असं तिला वाटलं. आता तरी.

त्यांनी टेप गुंडाळली आणि ते आत आले. जिन्यावर पावलं वाजली, तिच्या दाराशी थांबली, पुढे गेली.

संध्याकाळी चहाला ती बाहेर आली तर टेबलावर ओपन बोर्डाचा फॉर्म होता. पालकांच्या जागी सही झालेली. शेजारी पेन, टोपण काढून ठेवलेलं. बाबा पेपर वाचत होते. त्याचा एक कोपरा फाडलेला होता, खांबावर चिकटवायला.

"किती आला?" तिनं विचारलं.

"काय किती?"

"गल्लीत मोजलात ते."

बाबांनी पान उलटलं. "फॉर्म भर. मंगळवारी शेवटची तारीख आहे."

क्षितिजानं पेन उचललं. खाली गल्लीत कुणाची तरी मोटारसायकल त्या खडूच्या रेघेवरून गेली.