डाव्या हाताचं मशीन

दयानंदनं पट्टा चढवला, चाक एकदा हातानं फिरवून बघितलं आणि बाजूला सरकला.

"घाल स्विच. डाव्या अंगाला ठेवलाय बघ."

शिवाप्पानं डाव्या हातानं स्विच दाबला आणि मशीन घुमू लागलं. बनशंकरीतल्या घराच्या पार्किंगमध्ये, दोन स्कूटरींच्या मधल्या जागेत, दयानंदनं आठ महिने खपून ते उभं केलं होतं. शिलाई मशीनपेक्षा जरासं मोठं. मोटर एकच, तिच्यावर गोल करवत, मागच्या बाजूला रंधा, दांड्याच्या टोकाला भोकं पाडायचं ड्रिल. फळी धरून ठेवायला चिमटा आणि मशीन पायानं बंद करायला पट्टी. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलेल्या माणसाला आपल्या खोलीत एकट्यानं चौरंग करता यावा, असा सगळा बेत.

मधली तीन बोटं चौदा वर्षांपूर्वी बोम्मसंद्र्याच्या एका फर्निचर कारखान्यात गेली होती. दयानंद तिथं सुपरवायझर. पात्यावरचं गार्ड एरवी भिंतीला टांगायचं आणि तपासणीचा साहेब आला की चढवायचं, ही तिथली रीतच होती. गार्ड असलं की माल निम्मा निघायचा. त्या दिवशीही, बोटं गेल्यावर, साहेब यायच्या आत दयानंदनं ते चढवलं आणि 'कामगाराचा निष्काळजीपणा' या शब्दांखाली सही केली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. याच्या झाकल्या मुठीनं याचीच झोप खाल्ली होती. आता शिवाप्पानं हे मशीन घरी न्यावं आणि तोंडानं काही बोलावं न लागता सगळं मिटावं, एवढंच त्याला हवं होतं. माणूस असा स्वस्तात सुटायला बघतो.

"जपून," पायरीवर बसलेली शिवाप्पाची बायको म्हणाली. "यांचं लक्ष कुठं असतंय कुणाला ठाऊक. तवापण असंच इकडंतिकडं बघत बसले असतील."

शिवाप्पानं फळी सरकवली. करवत सरळ आरपार गेली. तुकडा डोळ्याजवळ धरून तो म्हणाला,

"बरं कापतंय की."

दयानंदला इतकं बरं वाटलं की त्याला हसू आवरेना.

"टेम्पो सांगितलाय मी. आजच घेऊन जा. कौशल्याअक्का, जरा गेटपाशी बघता? त्याला गल्ली सापडायची नाही."

ती उठून गेली. शिवाप्पानं पायानं मशीन बंद केलं, वाकला आणि पात्यावरच्या गार्डाला बोट लावलं.

"अण्णा, हे चढवायला किती वेळ लागतोय?"

"चारच बोल्ट आहेत. दोन मिनिटं."

"तवापण दोनच मिनिटं लागली असतील."

दयानंद वाकून पट्टा ताणून बघू लागला.

"मी खाली पडलोवतो. कुणीतरी हाताला फडकं गुंडाळत होतं आणि तुम्ही पाना शोधत होता. मला वाटलं, मशीन सोडवताय."

दयानंदनं फडकं घेतलं आणि टेबलावरचा भुसा पुसू लागला. भुसा गेला तरी पुसतच राहिला.

"इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"कुणाला बोलू? सही तुमची." शिवाप्पानं गेटकडं बघितलं. "साहेबाला सांगू नका, कुणालाच सांगू नका. हिला तेवढं खरं सांगा. रोज ताट वाढताना बोलती, ऐकतोय मी. मी सांगितलं तर म्हणती, आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारताय. तुमचं ऐकंल ती. तुम्ही सांगा, मशीन नेतो."

कौशल्या परत आली. "आला टेम्पो," ती म्हणाली, आणि दोघांना नुसतं उभं बघून थांबली. मग दयानंदला हात जोडले. "तुमचे उपकार कसे फेडायचे, अण्णा? चूक यांची, आणि मनाला लावून घेतलंत तुम्ही."

शिवाप्पा दयानंदकडं बघत होता.

"तसं नाही, अक्का," दयानंद म्हणाला. "कामात लक्ष असायचं त्याचं. पण... नशीब असतं एकेकाचं."

शिवाप्पानं ते ऐकून घेतलं. पुढं आणखी काही येईल म्हणून थोडा थांबला. मग चपला पायात सरकवल्या.

"चल," तो बायकोला म्हणाला.

"अवो, आणि मशीन?"

"जड हाय. आपल्याला झेपायचं नाही."

टेम्पोवाल्याला हातानंच नको म्हणून तो चालू लागला. कौशल्या मागं धावली. एवढ्या मायेनं केलेली वस्तू लाथाडता, माणसांची किंमत नाही तुम्हाला, आधी बोटं घालवलीत आणि आता हे, असं ती गल्लीभर बोलत होती. शिवाप्पा मान खाली घालून ऐकत चालला होता.

कोपरा वीस पावलांवर होता. ती दोघं वळेपर्यंत दयानंदला तिचा शब्दन् शब्द ऐकू येत होता, आणि तो गेट धरून उभा राहिला.