कपाटातला लोलक

मी एक जुना पितळी लोलक आहे, मित्रांनो, आणि माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. नगरच्या एका कारागिराने मला लिंबाएवढा गोल घडवला, डोक्यावर आकडी बसवली. दोऱ्याला लटकून झोके घ्यायचे, एवढंच माझं काम. तेच मला कुणी करू दिलं नाही.

एकाहत्तर साली मी प्रवरेकाठच्या एका कॉलेजात होतो. इंजिनिअर व्हायला निघालेल्या मुलांना तिथे हेमचंद्र सर पदार्थविज्ञान आणि गणित दोन्ही शिकवत. त्यांनी मला काचेच्या कपाटात कोंडलं आणि किल्ली कनवटीला लावली. तपासणी आली की मला चिंच लावून घासायचे. "वा, प्रयोगशाळा लखलखीत आहे हो!" असं साहेब म्हणाले की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

प्रयोग व्हायचा तो फळ्यावर. सर एक रेघ ओढत, तिच्या टोकाला टिंब काढत. ते टिंब म्हणजे मी! मग गुरुत्वाकर्षणाचं उत्तर सेंटिमीटरमध्ये सांगत, नऊशे अठ्ठ्याहत्तर. मुलं त्या उत्तरावरून उलटी निरीक्षणं बेतून लिहीत.

वर्गात कडूबाई होती, अकोले तालुक्यातल्या डोंगरातली. धरणाकडे बघत वाढलेली ही पोर धरणंच बांधायची म्हणत होती. प्रात्यक्षिकात चांगले गुण पडले तरच इंजिनिअरिंगला तिचा नंबर लागणार होता. एकदा कॅल्क्युलसच्या तासाला ती उठली.

"सर, लोलक टोकाला गेला की वेग शून्य, आन् मधी सगळ्यात जास्त. डेरिव्हेटिव्ह म्हंजी ह्योच वेग ना? एकदा कपाटातला काढून दावा की."

"हरवला तर तपासणीला काय दाखवू, तुझं डोकं? सूत्र पाठ कर!"

मुलं फिदीफिदी हसली. ती खाली बसली.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले, तेव्हा कुठे कपाट उघडलं. बाकीच्यांनी मला दोनचार झोके दिले आणि पाठ केलेलं उत्तर उतरवलं. कडूबाईने मात्र मला मनापासून झुलवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कामाला आलो! पण तिने दोरा मोजला तो आकडीपर्यंतच. माझ्या मध्यापर्यंत मोजायचा असतो, हे तिला ठाऊकच नव्हतं. लांबी कमी भरली आणि उत्तर आलं नऊशे पन्नास. तिने जसं आलं तसंच लिहिलं.

परीक्षकांनी बाकीच्यांना भरघोस गुण दिले, तिच्या उत्तरावर लाल फुली मारली. सर तिच्यावर खेकसले, "दोरा कुठपर्यंत मोजायचा, एवढंही कळत नाही?"

"तुमी फळ्यावर टिंब काढत हुता, सर," ती म्हणाली. "ह्याला पोट हाय, हे मला आज हातात घेतल्यावर कळलं."

सरांनी मला पुसलं, कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

तिचा नंबर लागला नाही. मित्रांनो, मला हरवा, आपटा, पोचे पाडा, पण बाहेर काढा. त्या पोरीच्या हातचे ते झोके सोडले, तर मी आजही लखलखीत आणि कोराच आहे, आणि मला त्याची शरम वाटते.